हो खरं, मूळच्या?

माझ्या दुकानात चार तक्ते आहेत.
एक मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी,
चौथा ज्यांना अक्षरच येत नाही त्यांच्यासाठी:
तीन दात्यांचा पंजा, कधी वर, कधी डावीकडं.
उर्दूचा मागवला होता, हुबळीहून भिजून आला.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की विचारावंच लागतं,
'कुठलं वाचता?'
एकतीस वर्षं खडे बाजारात हेच विचारतोय.
तरी एखादा आधी भिंतीकडं बघतो,
मग माझ्या कपाळाकडं, मग गल्ल्यावरच्या फोटोकडं,
आणि म्हणतो, 'कुठलंबी चालतंय की.'
एक नोव्हेंबरला तर
'पंजाच बरा' म्हणणारे वकील मी पाहिलेत.

ती बसायच्या आधीच म्हणाली,
'कन्नड लावा, नाहीतर मराठी. दोन्ही येतात.'
सिव्हिलमध्ये नर्स. लांबच्या कॉटचा नंबर पुसट दिसतो.
वहीत लिहिलं: रुझालिन सिद्दी, वय सव्वीस.
गाव?
'नंदगड.'
लिहिलं. पेन खाली ठेवलं, आणि अगदी सहज,
चहा घेणार का विचारावं तसं,
'हो खरं, मूळच्या?'

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्यात यावरून हसले होते मला.
डिप्लोमाला होतो. मेसच्या काकू पहिल्याच दिवशी,
'बेळगाव? म्हणजे कानडी ना तुम्ही?'
नाही, मराठी.
'हो का! तरीच एवढं छान बोलता.'
तो वरणभात मला अजून आठवतो.
बेंगळूरला फ्रेमा आणायला गेलो
तर तिथं तेच, उलट्या बाजूनं.
सगळं आठवतं.
खरं त्या दुपारी आठवलं नाही.

'नंदगड,' ती परत म्हणाली, सावकाश,
कमी ऐकू येणाऱ्या पेशंटला सांगावं तसं.
'आई नंदगडची. आज्जी गोधोळीची. तिच्या मागं रान.
तुम्ही?'

मी उचगावकर.
आडनावातलं गाव दोनदाच पाहिलंय,
दोन्ही वेळा जत्रेला, मटण खाऊन संध्याकाळी परत.
आमचं घर कुठलं, तिथं कुणालाच सांगता आलं नाही.
पणजोबांच्या मागं काय होतं?
रानसुद्धा नाही.
तोवर तिनं माझ्याच चालीवर विचारलं,
'हो खरं, मूळचे?'
आणि हसली. मीही हसलो,
माझं हसू जरा उशिरा आलं.

रात्री शालनला सांगितलं. म्हणाली,
'विचारलं तर काय झालं? माणूस माणसाला विचारतोच.
मला नाही तुझ्या आत्यानं विचारलं,
मूळच्या कुठल्या म्हणून?
उत्तर मिळेस्तोवर पाण्याचा तांब्या
हातातच धरून उभी होती.'
एवढं बोलून थांबली.
मग मिक्सर लावला, बराच वेळ.

गुरुवारी ती चष्मा न्यायला आली. उणे पावणेदोन.
लावून दारात उभी राहिली, समोरची पाटी वाचली:
वर मोठं कन्नड, खाली बारीक मराठी,
आणि त्याच्याही खाली, चुन्यातून वर येणारं
जुन्या मालकाचं नाव,
जे मी इतकी वर्षं डाग समजत होतो.
'स्पष्ट?'
'स्पष्ट.'

पावती फाडत होतो तेव्हा एक गृहस्थ आत आले.
पायऱ्या उतरून ती रिक्षापर्यंत जाईतो तिच्याकडं बघत राहिले.
मग काउंटरवर वाकून, आवाज खाली करून,
'कुठली ओ ही?'
'नंदगडची.'
'हो खरं...'
'बसा,' म्हटलं. दिवा लावला.
'कुठलं वाचता?'