आसोल्याचं तिकीट

आमच्या गावाचं नाव पिंपळखुटा.
त्यातला पहिला प माझ्या ओठांत असा,
गाडीच्या चाकाखाली धोंडा लावावा तसा.
फाट्यावर सांगितल्याशिवाय बस थांबत नाही,
म्हणून बारा वर्षं मी आसोल्याचं तिकीट काढलं.
आ सोपा. तोंड उघडलं की निघतो.
आसोल्याला उतरायचं,
मग तुरीच्या धुऱ्याधुऱ्यानं दीड कोस मागं.
मायला वाटे, पोराला चालायचा नाद.

दिग्रसच्या दवाखान्यात आधी जे सर होते
त्यांच्याकडं टिकटिक करणारं यंत्र होतं.
त्याच्या ठोक्यावर मी बोलायचो
पऱ्हाटी टोबल्यासारखा, एका दोरीत.
खोलीत सरळ. फाटकाबाहेर पाऊल टाकलं
की सगळं बियाणं पाखरांनी नेलेलं.

टेंभुर्णे मॅडमनं ते यंत्र कपाटात टाकलं.
म्हणाल्या, "म्हैस व्याली म्हणे तुमची. सांग."
सांगितलं.
रात्री दोनला काकानं हात घातला,
प-प-पारडू अडलं होतं, आणि इथं मीही,
पण मॅडमनं माझं वाक्य ओढून काढलं नाही.
शेवटी एवढंच, "मंग, चीक खाल्ला का नाही?"

त्यांच्या वहीत मी चोरून पाहिलं.
किती वेळा अडलो, ते नव्हतं.
होतं : दोनदा हसला.
मला उलटा प्रश्न विचारला.

"हे जाईन का, म-म-मॅडम?"
"थे मले नाही सांगता येत.
तुले कोठी उतराचं हाय, थे तू सांग."

पुढचा मंगळवार. कंडक्टर, "कोठी?"
"प... प... प..."
कोंबडी घेऊन बसलेली बाई
खिडकीबाहेर बघायला लागली.
"पुसद?"
"नाही."
हा नाही कुठं होता इतके दिवस,
कसा बिनधोंड्याचा निघाला.
"थांबा. म-मीच सांगतो."
तो थांबला. अरुणावतीचा पूल गेला.
एक टेकडी गेली.
"प... पिंपळखुटा. फाट्यावर."

मशीननं तिकीट सोडलं.
माझा हात तसाच पुढं.
"आता काय बे?"
"द... द... दोन रुपये राह्यले."
"चिल्लर नाही, बावा."

मग फाट्यापर्यंत
आम्ही दोघं त्याच्यावरच बोलत गेलो.