पस्तीस जवस

रात्री आठनंतर काही खायचं नाही, चहासुद्धा नाही,
असं प्रांजलीने फोनवर दोनदा बजावलं.
तिला काय माहीत, उपास आमच्या डाव्या हातचा मळ.
सोमवार, चतुर्थी,
आणि भाकरी कमी पडली तो कुठलाही वार.

सकाळी उपकेंद्रात बाळंतिणीची खाट भिंतीला सारून
मधोमध ठेवलेली सायकल. चाकं नसलेली.
टेबलावर डबा, डब्याला नळी, नळीला मुखवटा.
मी बत्तीस वर्षं अंगणवाडीत लेकरं काट्याला टांगली,
झोळीत रडणाऱ्यांचे ग्रॅम वाचले, तक्त्यावर रेघ ओढली.
आज माझी पाळी, म्हटलं,
आणि त्या शब्दाला मीच हसले.

कारण पहिला प्रश्न तोच होता. पाळी कधी थांबली?
धाकटीचं बाळंतपण झालं त्या पौषात.
तिच्या बाळाची दुपटी वाळत घालताना ध्यानात आलं,
आपल्या घड्या दोन महिने ट्रंकेतच आहेत.
प्रांजलीने लिहिलं : पाच वर्षे, नैसर्गिक.

माझ्यामागे पंचफुला निखाडे.
तिची पिशवी चौतिसाव्या वर्षीच काढलेली,
तालुक्याच्या दवाखान्यात, कंबर दुखते म्हणाली तर.
"अशा बाया या तपासणीत घेता येत नाहीत, मावशी,"
पोर खरंच ओशाळून म्हणाली.
पंचफुला पायरीवर जाऊन बसली. बोलली एवढंच,
"तिकडेबी बाद, इकडेबी बाद."

सायकल मी कधी शिकले नाही.
भावाची होती. हात लावला की आई म्हणे,
"चरबी चढली का तुले?"
सासरी नवी चप्पल मागितली, तेव्हा सासू तेच म्हणाली.
मानधनासाठी पंचायत समितीसमोर बसलो, तेव्हा साहेबही,
जरा शुद्ध भाषेत.
आणि आज ही म्हणते, मावशी, तुमची चरबी
कुठल्या वेगाला जास्त जळते ते पाहायचंय.
इतक्या आदराने हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मुखवट्याला रबराचा वास. आपलाच श्वास मोठा ऐकू येतो,
बाजूला कोणी झोपलंय असा.
वीस वॅट. तीन मिनिटं.
चाळीस वॅट, म्हणजे देवघरातला जुना पिवळा बल्ब.
साठला मांड्या भरून आल्या
आणि पडद्यावर टेकडी चढत आलेली एक रेघ
उतरायला लागली.

"कष्ट फार वाढले की शरीर साखर ओढतं,"
नंतर ती सांगत होती, कागदावर बोट ठेवून.
चरबी जास्त जळते मधल्या चालीत,
शेजारणीशी बोलता येईल एवढ्या.
किती?
मिनिटाला शून्य पूर्णांक दोन ग्रॅम.
मी मनात जवस मोजले. मूठ नाही, चिमूट.
तीस, फार तर पस्तीस दाणे.
हे बरं की वाईट?
"वाईट असं काही नसतं, मावशी, हे फक्त मोजमाप आहे."
हेच वाक्य मी कितीतरी आयांना सांगितलंय,
काट्यावर लेकरू असताना,
त्यांच्या डोळ्यांत न बघता.

शेवटी सही, एक केळं, बिस्किटाचा पुडा.
बाहेर पंचफुला अजून पायरीवरच.
अर्धं केळं पुढे केलं तर तिने दोन घासांत संपवलं.
तेव्हा कळलं, तीही रात्री आठपासून उपाशी,
चहासुद्धा न घेता आलेली.

वावराच्या वाटेने परतलो. पऱ्हाटी फुटलेली,
वेचणीच्या बाया ओट्या बांधून ओळीत वाकलेल्या.
पंचफुला सारखी बोलत होती,
जावयाचं, गुडघ्याचं, विहिरीच्या मोटारीचं,
मधेच म्हणाली,
"काय निंगालं मंग तुह्या मशिनीतून?"
"जवस," मी म्हटलं.
"कितीक?"
"सांगतो. तू बोलत ऱ्हाय."