उजेड पाडणारे

सहावीला आज तेच पुस्तक.
सरकारी शिक्का, वाळवीनं खाल्लेला कणा,
मुखपृष्ठावर टोपीवाला एक माणूस, हातात कंदील,
आणि त्याच्यापुढे आम्ही, म्हणजे झाडं.

लोकुली वाचतो, ओळीवर बोट ठेवून :
‘भर दुपारी आमची आगबोट नदीच्या वळणाला लागली.
पुढे नुसता अंधार.’
थांबतो. खिडकीबाहेर बघतो.
बाहेर रुकी नदी, तापल्या पत्र्यासारखी,
बघवत नाही इतकी.
‘बाई, भर दुपारी?’

मी म्हणते, वाच पुढे.
मास्तरकीतली ही जुनी पळवाट.

पुढेही अंधारच. झाडीत अंधार, पाण्यात अंधार,
ढोलाच्या आवाजात,
माणसांच्या तोंडावर दात सोडून सगळीकडे.
म्बोयोनं वहीच्या मागे रेघा मारून मोजला :
एकशे बारा वेळा.
आणि आमच्यातल्या कुणाचं नाव?
‘एक आहे बाई,’ ती म्हणाली,
‘पण ते त्यांनी कुत्र्याला ठेवलंय.’

वर्ग हसला. मीही हसले, मग हसले म्हणून
खडू शोधत बसले.

प्रस्तावनेत लिहिलंय, या प्रदेशात त्यांनी उजेड पाडला.
माझी आई हेच म्हणायची
मी गणितात नापास झाले की :
काय उजेड पाडलास!

यांना कसं सांगू बोफेकोचं?
माझ्या आजीची आई. रबराच्या वर्षांत
तीन रात्री दलदलीत उभी होती,
गळ्याशी पाणी, डोक्यावर टोपली, टोपलीत मूल.
काठाकाठानं कंदील येत होते
आधी रबर मोजायला,
रबर कमी भरलं की
हात मोजायला.
कंदील वळणाआड गेला की ती मुलाला पाजायची.
तिला त्या रात्री कुणी राखलं असेल
तर काळोखानं राखलं,
म्हाताऱ्या नातेवाइकासारखं, काही न विचारता.
मरेपर्यंत ती दिव्याकडे पाठ करून जेवली.
आम्हाला वाटायचं, डोळे दुखतात.

आणि तो लिहायचा कशाच्या उजेडात?
पान एकोणसाठवर आहे :
‘एवढ्याशा मेणबत्तीपाशी मी एकटा, जागा.’
मेणबत्ती कशाची, ते नाही.
मी सांगते. आमच्या तेलताडांचे लाल घोस
कुटले, उकळले, पिंपांत भरले,
नदीनं खाली गेले, समुद्रापार गेले,
तिथे पांढरे झाले,
कागदात गुंडाळून परत आले त्याच्या टेबलावर,
आणि रात्रभर जळत राहिले
आम्ही किती अंधारात आहोत ते त्याला लिहिता यावं म्हणून.

दिव्याखाली अंधार, हे सगळ्यांना पाठ आहे.
तेलाचं कुणी बोलत नाही.

तीनला वीज गेली, रोजच्यासारखी.
पंखा दोन गिरक्या उगाच फिरला.
मी म्हटलं, पुस्तकं मिटा.
तीच दुपार लिहा. पण काठावरून.

सगळ्यांनी युद्ध लिहिलं, भाले लिहिले,
एकानं तर बोट बुडवूनच टाकली.
म्बोयोची वही सगळ्यात शेवटी आली :

‘दुपार होती. आम्ही जेवत होतो.
धुरातून एक माणूस उतरला.
त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं,
त्याला काही दिसत नव्हतं.
काकी त्याला म्हणाली, जरा सावलीत बस.’

पुढे तिनं काही लिहिलेलं नाही.
जागा मात्र सोडलीय, अर्धं पान.

शुद्धलेखनाच्या दोन चुका. लाल पेन उघडलं,
तसंच हातात राहिलं.
शाळा रिकामी झाली, शिपाई कुलूप घेऊन
दोनदा दारात येऊन गेला,
बाहेर मासेमारीच्या होड्या निघाल्या, दिवे न लावता.
मी ते अर्धं पान वाचत बसले.
केव्हाचं अंधारून आलं होतं.
अक्षर लागत होतं.