चव्वेचाळिसावी ओळ

हेल्वे हल्ली एकच शब्द बोलते: उसव.
आणि तिचं बरोबर असतं, हाच खरा वैताग.

एकोणतीस वर्षं हिउमा बेटाच्या फेरीबोटीवर
इंजिन सांभाळून मी हापसालूला घरी बसलो,
त्याच हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताने
ऐकायचं सोडलं.
डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टर तसंच म्हणतात.
सुयांवर बत्तीस ओळींची शाल तशीच लोंबत होती,
भाचीच्या लेकीच्या बाप्तिस्म्यासाठी कबूल केलेली.
मी म्हटलं, आण इकडे.
ती हसली. तोंडाच्या एका बाजूने,
पण पोटभर.

सुलट सोपं. उलटही जमलं चार दिवसांत.
मग आली घंटाफुलं.
एका टाक्यातून सात वेढे काढायचे
आणि परतीच्या ओळीत ते साती
एकदम उलट विणून पुन्हा एक करायचे.
कागदावर काय, कागदावर बोटसुद्धा बुडत नाही.

सुई पाचांतून जाते, सहाव्याशी अडते.
सहाव्यातून रेटली तर सातवा निसटतो
आणि त्याच्यामागून टाक्याखालचा टाका, त्याखालचा,
थेट तिने विणलेल्या भागापर्यंत शिडी.
लोकर कसली, नुसता उसासा.
त्यापुढे माझा अंगठा म्हणजे नांगर.

उसव.
उसवली.
दुसऱ्यांदा धागा तुटला.
तिसऱ्यांदा मासे पकडायचा गळ घासून
त्याची आकडी केली; तिने ती बघितली
आणि उसव म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.
चौथ्यांदा मी सगळं कोपऱ्यात भिरकावलं
आणि गोठलेल्या खाडीवर चालत सुटलो,
किनाऱ्यावरचे दिवे वाटाण्याएवढे होईपर्यंत.

परत आलो तर ती खुर्चीत,
मांडीवर माझा गुंता,
डाव्या हाताने एकेक वीत सोडवत,
गुडघ्यांत धरलेल्या गुंडीवर गुंडाळत.
किती वेळ चाललं होतं कोण जाणे.
किटलीतलं पाणी आटून गेलं होतं.
तिने वर पाहिलं नाही.
मी बूट काढले, समोर बसलो, गुंडी धरली.

रात्री तीनला जाग आली ती तायवोच्या आठवणीने.
नवा पोऱ्या, बेअरिंग असं आवळायचा
की शाफ्ट जागचा हलायचा नाही.
त्याला मीच ओरडायचो: अरे, घट्ट म्हणजे पक्कं नव्हे!
तेलाला शिरायला जागा ठेव!
उठलो. हत्यारांच्या पेटीतून
फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा काढला,
पेट्रोलने पुसला, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने.
सगळ्यांत जाड पातं आडवं धरून
त्यावरून एकेक वेढा सैल ओढला,
वेंधळा दिसेल इतका सैल.
सात. उंचच उंच, घोळका करून उभे.
ओळ संपवली, कापड फिरवलं. परतीची. चव्वेचाळिसावी.
सुई गेली.
पाच, सहा, सात, आणि बाहेर.
जवाच्या दाण्याएवढा एक फुगवटा.

मी कोणालाही उठवलं नाही.
त्या ओळीत असे अजून बावीस होते.
त्यातले दोन पुन्हा उसवले.

एप्रिलात बर्फ फुटला तेव्हा मधला चौकोन पुरा झाला.
अशी शाल अंगठीतून ओढून बघायची, असं सगळे म्हणतात.
हेल्वेची अंगठी सुजलेल्या बोटातून निघेना.
मी बोटीच्या पंपाचा एक जुना नट आणला.
टोक सहज गेलं, फुलांपाशी अडलं,
मी सवयीने जोर लावणार, तेवढ्यात
तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. डावा.
थांबलो. मग गेलं.

तिने ती खिडकीच्या उजेडात धरायला लावली,
बोट फिरवत फिरवत तेहतिसाव्या ओळीवर आली,
जिथे टाके एकाएकी दाटीवाटीने बसलेत.
"इथून तू," ती म्हणाली.
दोन शब्द.
मी विचारलं, उसवू?
बराच वेळ ती नुसती बघत राहिली,
मग टेबलावरची नवी गुंडी
कोपराने माझ्याकडे ढकलली.
झालर बाकी आहे अजून, चारी बाजूंची.
तिच्यातही घंटाफुलं.