पाण्याच्या बादलीपाशी

झोकरकर सर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक.
फुटबॉल त्यांच्याकडे आला
कारण कॉलेजात दुसरं कुणी हो म्हणालं नाही.
शनिवारी लिटमसचे डबे बाजूला सारून
ते काळ्या ओट्यावर परीक्षानळ्यांची बुचं मांडत,
अकरा आमची, अकरा त्यांची,
आणि चेंडू म्हणून नवसागराचा एक खडा.

"देवासच्या पोरी दहाच्या दहा मागे बसतात," सर म्हणाले,
"गोलपुढे, लग्नाच्या पंगतीसारख्या, मांडीला मांडी.
तिथं घुसू नका.
डावीकडे द्या, उजवीकडे द्या, परत डावीकडे.
त्यांना कंटाळा आला पाहिजे.
कंटाळलेली पंगत हलते,
कुणीतरी मान वळवून बघतंच मठ्ठा आला का.
तेवढीच फट."

देवासला आम्ही सत्तर मिनिटं डावी-उजवी केली.
कुंपणावरून कुणी ओरडलं,
"भिया, स्वेटर विणून राहिल्या का या?"
एकाहत्तराव्या मिनिटाला एकीनं मान वळवली.
रेशम भिलालाला तेवढं पुरलं.

उज्जैनकडे सापळा होता.
त्यांची मागची रांग एका इशाऱ्यावर पुढे सरके,
आणि आमची पोर पंचाच्या झेंड्याखाली
चोरासारखी एकटी उघडी.
चार वेळा ऑफसाइड. पाचव्यांदा रडू.
"पुढे जाऊन वाट बघत बसू नका," सर म्हणाले,
"मागून या. उशिरा या.
जिला त्यांनी मोजलंच नाही, तिनं यावं."
ती नसरीन होती, आमची अगदी मागची,
फी भरायलासुद्धा उशीर करणारी.
सापळा मिटला तेव्हा ती अजून आमच्याच अर्ध्यात होती,
चेंडू सुटला
आणि मग ती होती.

महू मात्र महू.
छावणीतल्या पोरी, पहाटे पाचला पळणाऱ्या.
त्यांनी रांगबिंग लावली नाही,
एकेकीच्या मागे एकेक सोडली.
माझ्या वाट्याला जसिंता, नंबर सात,
भुवईवर जुन्या टाक्याची खूण.
मी नाडी बांधायला वाकले, ती थांबली.
मी उगाच खोकले,
तिनंही घसा साफ केला.
चाळीस मिनिटांत चेंडू माझ्याकडे दोनदा आला
आणि दोन्ही वेळा तिच्याकडे गेला.

मध्यंतरात सरांनी बुचं काढलीच नाहीत.
चष्मा पुसत म्हणाले, "मुळ्ये, तहान लागली का?"
"नाही सर."
"लागू दे. खेळ चालू असताना लागू दे.
आणि तिलाही घेऊन जा."

चिमणबागेच्या त्या टोकाला, रेषेपलीकडे,
निळी प्लॅस्टिकची बादली होती, साखळीला स्टीलचा पेला.
चेंडू नसरीनच्या पायात असताना
मी सरळ तिकडे चालू लागले.
पळाले नाही. कंटाळल्यासारखी चालले.
माझ्या मागे तिची पावलं.
मैदानाच्या ऐन मध्यात,
जिथं मी असायला हवी होते,
जिथं तिला मी असायला हवी होते,
तिथलं सगळं हळूहळू ओतून गेलं.

गोल मी पाहिला नाही.
पेला बुडवत होते.
आधी जसिंतानं मान वळवली,
आणि चेंडू जाळ्यात गेलेला
मला तिच्या चेहऱ्यावर दिसला:
आधी भुवई, मग तो टाका, मग ओठ.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या,
गौतमीचं आडनाव चुकीचं छापून.
आईनं विचारलं, तू काय केलंस?
पाणी प्यायले, म्हटलं.
तिला वाटलं मी चिडलेय.
थोडी होतेही.

पण त्या क्षणी, बादलीपाशी,
सगळं मैदान दुसरीकडे धावत असताना
आम्ही दोघीच उभ्या होतो.
तिनं विचारलं, "तहान खरी होती?"
मी म्हटलं, "नाही."
"मग दे इकडे."
गटागटा प्यायली, पेला उलटा करून साखळीला सोडला.
शिट्टी झाली.
आम्ही परत मध्याकडे निघालो,
ती सवयीनं
माझ्या अर्धं पाऊल मागे.