धक्का

अकरावीच्या वर्गात म्युझेय्येन बाईंनी
फळ्यावर एक फेरीबोट काढली.
दिसत होती इस्त्रीसारखी.
वस्तुमान चारशे टन,
वेग सेकंदाला अर्धा मीटर,
म्हणजे संवेग दोन लाख,
आणि हा सगळा कुठेतरी उतरवायचाय, बाई म्हणाल्या,
खिशात घालून घरी नेता येत नाही.

"एक दशांश सेकंदात थांबवली तर?"
वीस लाख न्यूटन! मागच्या बाकावरून ओक्ताय ओरडला,
जणू त्यालाच लॉटरी लागली होती.
"आणि चार सेकंदांत?"
पन्नास हजार.
"म्हणून धक्क्याला जुने टायर टांगतात.
बदलायचं ते तेवढंच बदलतं.
टायर नुसता वेळ देतो."
मग त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: आवेग.
तोवर मला वाटायचं, हा शब्द फक्त रडण्याचा आहे.

खिडकीतून खाली कांदिल्लीचा धक्का दिसतो.
बाबा एकवीस वर्षं त्या बोटींवर दोर सांभाळत होते.
एकदम आवळायचा नाही, इल्गाझ, ते सांगायचे,
खुंट्याला दोन वेढे द्यायचे
आणि थोडा घसरू द्यायचा.
दोर कुरकुरतो. कुरकुरू दे.

मी नऊ वर्षांची होते. इस्तिन्येला, आत्याकडे.
बाबा न्यायला आले, भर दुपारी, कामाच्याच कपड्यांत.
बॉस्फरसमधून ती बोट नागमोडी जाते,
या काठाला टेकते, मग त्या काठाला.
एमिरगानला ते म्हणाले, आई काल रात्री फार थकली होती.
कानलिजाला त्यांनी दही घेतलं, वर पिठीसाखर,
मी अर्धं संपवल्यावर म्हणाले,
डॉक्टरांनी नळ्या काढल्या.
मला वाटलं, चला, बरं झालं.
बेबेकला काहीच बोलले नाहीत,
माझ्या दप्तराचा पट्टा हातात धरून बसले.
अनादोलू हिसारीला, पाण्याकडे बघत,
आता तिला दुखत नाही.

कांदिल्ली यायच्या आधीच मला कळलं होतं.
त्यांनी सांगितलं तेव्हा बोट टायरांना टेकत होती,
रबर दबलं, कण्हलं,
आणि आम्ही दोघं थोडे पुढे झुकलो,
थोडेच.

त्यांना कुणी असं सांगितलं नव्हतं.
ते मला पुष्कळ वर्षांनी झिह्नीकाकांकडून कळलं,
तिकीटखिडकीतल्या.
सकाळी सात दहाला इस्पितळाचा फोन आला,
बोट काठाला लागतच होती, दोर बाबांच्या हातात,
आणि काकांनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं.
एक वाक्य. त्याला किती वेळ लागतो?
त्या दिवशी दोर घसरला नाही.
बोट अशी हिसकली की उपाहारगृहातले
सहा पेले फुटले, एक म्हातारा प्रवासी
बाबांना वाट्टेल ते बोलला,
आणि बाबा म्हणाले, माफ करा, चुकलं.
मग त्याच दोराला नीट वेढे देऊन,
हात धुऊन,
ते मला आणायला निघाले.

चाचणीत प्रश्न आला, दोन आलेखांची तुलना करा.
एक उंच, अरुंद, सुईसारखा.
दुसरा बुटका, पसरट,
इस्तिन्येपासून कांदिल्लीपर्यंत.
मी लिहिलं: दोन्हींखालचं क्षेत्रफळ सारखंच.
बाईंनी अर्धा गुण कापला. एकक लिहिलं नव्हतं.

रात्री बाबा शेगडीवर चेस्टनट भाजत होते,
चुलीशी वाकून, चष्मा कपाळावर.
पेपर बघून म्हणाले, मग काय असतं एकक?
न्यूटन-सेकंद, मी म्हटलं.
त्यांनी एक चेस्टनट उलटलं, फुंकलं,
या हातातून त्या हातात केलं निवेपर्यंत
आणि माझ्याकडे सरकवलं.
सेकंद आहेत ना त्यात, म्हणाले,
मग ठीक आहे.