तोंडओळख

नव्या आवृत्तीचं पत्र सोमवारी आलं:
आमच्या व्यावसायिक ग्राहकांसाठी आनंदाची बातमी.
सगळी उपकरणं आता एकाच खिडकीतून दिसतील,
हरवलेलं दुरून पुसता येईल,
चार आकडी पिन कायमची बंद,
आणि दर तीन मिनिटांनी टॅबलेट विचारेल,
कोण आहेस, चेहरा दाखव.

उलानबातरला, सहाव्या मजल्यावर,
मी ते तीनशे अठरा टॅबलेटांवर सोडलं.
रात्रभर करडे ठिपके हिरवे होत गेले,
आधी शहरातली गोदामं, मग बायनहोंगोर,
सगळ्यात शेवटी ओम्नोगोवी,
जिथे टॉवर टेकडीमागे बसलेला असतो
उन्हाला टाळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
पहाटे तीनशे सतरा.
साहेबांनी अंगठा वर केल्याचं चित्र पाठवलं.

तीनशे अठरावा मंदाल-ओवूचा.
चोइजिल, लोकर खरेदी, काटा क्रमांक नऊ.
सहा दहा: ओळख पटली नाही.
सहा दहा. सहा अकरा. सहा अकरा.
सहा एकोणीसपर्यंत सत्तेचाळीस वेळा
एका माणसाला सांगून झालं होतं
की तो तू नव्हेस.
पन्नासाव्याला टॅबलेट स्वतःची पाटी कोरी करतो.
हा नियम मीच चालू केला होता,
चहाचा कप हातात असताना.

फोनवर आधी वारा बोलला,
मग बकऱ्या, मग चोइजिल.
"मुली, इथे धुळीचं वादळ आहे.
मफलर काढला की दातांत वाळू,
नाही काढला की तुझं यंत्र मला चोर ठरवतं.
बायको मला पाठीवरून ओळखते,
कुत्रा गाडीच्या आवाजावरून.
समोर ही दुल्मा उभी आहे,
बेचाळीस बकऱ्या विंचरून आलीय,
तिला माझं तोंड नाही बघायचं,
काटा बघायचाय."

हात लावू नका, मी म्हटलं.
अकरा दिवसांची वजनं आत अडकली होती.
दोन काड्यांच्या रेंजवर नोंदी येतात, त्या हलक्या;
वजनं, पावत्या, पोत्यांचे फोटो, ते जड,
ते टेकडी चढत नाहीत.

त्याने ऐकलं नाही.
ट्रकच्या केबिनमध्ये बसला,
थर्मासातल्या खारट चहाने तोंड धुतलं,
आणि दाखवलं.
अठ्ठेचाळीस.
चेहरा फेब्रुवारीत नोंदवलेला, शहरात,
सणाच्या मेजवान्यांनंतरचा, गुबगुबीत, दाढी केलेला.
त्यावर दोन महिन्यांचं गोवी फिरून गेलं होतं.
यंत्राची आणि त्याची नुसती तोंडओळख,
तीही हिवाळ्यातली.

मी एक गट बनवला. त्यात एकच माणूस.
नाव काय द्यायचं सुचेना, "वारा" दिलं.
चेहरा नको, जुनी पिन चालेल,
वेळ तीन मिनिटांऐवजी साठ.
पाठवलं, आणि बसून राहिले.
नियम पोचायला पंधरा मिनिटं लागतात,
सवलतीलाही तेवढीच,
फक्त ती जास्त वाटतात.
फोन चालूच होता. चोइजिल दुल्माला सांगत होता,
आकडा पोत्यावरच लिही कोळशाने,
राजधानीतल्या मुलीचं काहीतरी चाललंय.

मग त्याचं बोट चार वेळा टकटकलं.
कोणीतरी हसलं, बहुतेक दुल्मा.

अहवालात तो ठिपका पिवळा राहिला.
साहेबांनी विचारलं, हा एक का असा?
मी लिहिलं, तपासणी सुरू आहे.
पुढच्या आवृत्तीत, जूनच्या नऊला,
सगळ्या सवलती आपोआप गळून पडतील, असं पत्र आलंय.
नऊ जूनपर्यंत बकऱ्या उघड्याबोडक्या होऊन
डोंगराकडे गेलेल्या असतील.

सप्टेंबरात तो ऑफिसात आला,
हातात वाळवलेल्या दह्याच्या वड्यांची पिशवी.
दारावरच्या कॅमेऱ्याने लाल दिवा दाखवला.
मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं,
काचेपलीकडून नुसतीच बघत राहिले.
तो वळला, दाराकडे पाठ केली,
आणि खांद्यावरून ओरडला,
"आता?"